तो एक सेकंद, जो तुम्ही थांबवून थांबवून पाहिलाय (कार्टून, अ‍ॅनिमे, स्टॉप-मोशन, सगळं चालेल)

अर्धी_फ्रेम
काल घरात पुन्हा तोच प्रश्न, "अजून कार्टूनच बघतेस का?" काय उत्तर देणार? गेली वीस मिनिटं मी एका माकडाच्या छातीवरचे केस बघत बसले होते.

१९३३ चा 'किंग काँग'. पडद्यावर अवाढव्य दिसणारा काँग बहुतेक शॉट्समध्ये जेमतेम दीड-दोन फुटी बाहुला आहे. आत धातूचा सांगाडा, वर सशाची कातडी. विलिस ओब्रायन आणि मंडळी त्याला प्रत्येक फ्रेमसाठी हातानं किंचित हलवायची, यालाच स्टॉप-मोशन म्हणतात. हात लागला की केस दबायचे. पुढच्या फ्रेमला बोटं दुसरीकडे, दबलेले केसही दुसरीकडे. त्यामुळे वाऱ्याची झुळूक नसताना पठ्ठ्याच्या अंगावरचे केस सारखे वळवळत असतात. स्टुडिओतल्या कुठल्याशा साहेबाला म्हणे ते पाहून वाटलं, वा, चिडला की केस काय फुलवतो! बोलणी खायची तयारी ठेवावी आणि शाबासकी पदरात पडावी, असला प्रकार.

एका फ्रेमला खांद्याजवळ ओळीनं चार खळगे दिसले. मला तरी ती चार बोटंच वाटली. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला तिथे धरलं होतं आणि ते अजून तसंच आहे. त्यानंतर मी पुढचा सिनेमा पाहिलाच नाही, तिथेच मागे-पुढे करत बसले.

तर तुमचा असा सेकंद कोणता? नुसतं "अमका पिक्चर भारी आहे" चालणार नाही. नेमकी जागा सांगा.

शंकासूर
माकड नाही, गोरिला. त्याला शेपूट नसते.
बाकी धागा छान.

अर्धी_फ्रेम
आलात. पहिला प्रतिसाद तुमचाच असणार अशी मी स्वतःशीच पैज लावली होती.

जुनाट_रीळ
ओब्रायनचं नाव निघालं की चेल्याचं निघायलाच हवं. रे हॅरीहाउझेन, 'जेसन अँड द आर्गोनॉट्स', १९६३. सात सांगाडे विरुद्ध तीन माणसं.

माझा सेकंद मारामारीतला नाही, त्याच्या आधीचा आहे. सांगाडे जमिनीतून वर येतात, ढाली सावरतात आणि हल्ला करायच्या आधी जरा थबकतात. नुसते उभे. तेवढ्यात अंगावर काटा येतो. एरवी हाडांच्या सापळ्याला दम लागायचं कारण नाही, पण हे दम खाऊन उभे आहेत असं वाटतं.

नटांनी ती मारामारी हवेशीच केली होती. समोर कुणी नाही आणि हे तलवारी फिरवताहेत. सांगाडे नंतर हॅरीहाउझेननं एकट्यानं, एकेक फ्रेम करत घातले. साडेचार महिने लागले. आता विचार करा, सात जणांचे हात, पाय, माना, तलवारी, ढाली, आणि मधेच कुणी दार वाजवलं तर परत येऊन आठवायचं की तिसऱ्याचा हात वर चालला होता की खाली. मला घराची किल्ली कुठल्या खिशात आहे ते आठवत नाही.

हल्ली संगणकावर सातशे सांगाडे लढवतात. एकाचंही नाव मला ठेवावंसं वाटत नाही. (हलकेच घ्या.)

शंकासूर
हॅरीहाउझेनच्या १९५५ च्या 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' मधल्या ऑक्टोपसला सहाच हात आहेत. मोजले आहेत.

जुनाट_रीळ
बजेट आठ हातांचं नव्हतं हो. उरलेले दोन पाण्याखाली आहेत असं समजा.

शंकासूर
समजलो. पण मग त्याला ऑक्टोपस म्हणू नये.

गोकूचा_शेजारी
काका लोकांनी धागा ताब्यात घ्यायच्या आत अ‍ॅनिमेचं, म्हणजे जपानी कार्टूनचं, आरक्षण करून ठेवतो.

सेकंदच सांगायचा तर ड्रॅगन बॉल झेडमधला कुठलाही. खलनायक फ्रीझा म्हणतो, नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार. मग तो आणि नायक गोकू लढतात, थांबतात, गतायुष्य आठवतात, ओरडतात, आणखी ओरडतात, भाग संपतो. पुढच्या भागात पाच मिनिटं शिल्लकच. असे भागांमागून भाग. माझ्या आयुष्यात इतकी टिकाऊ पाच मिनिटं दुसरी आलेली नाहीत.

सखू_सेल्युलॉइडवाली
हसून हसून पुरेवाट! पण 'कॅप्टन त्सुबासा'पुढे ते काहीच नाही. फुटबॉलचं मैदान एवढं की समोरचा गोलपोस्ट क्षितिजावर उगवतो. आधी आडवी दांडी दिसते, मग खांब, मग गोलकीपर. चेंडू पायात घेऊन पोरगं निघालं की गोलपाशी पोचेपर्यंत त्याचं बालपण, मैत्री, गुरूंचा उपदेश सगळं उरकतं.

शंकासूर
धावण्याचा वेग आणि लागलेला वेळ यांवरून मैदानाची लांबी काढता येईल.

गोकूचा_शेजारी
काढू नका.

सखू_सेल्युलॉइडवाली
थट्टा पुरे, आता थोडं मनापासून. हा वेळकाढूपणा आला कुठून? मोठं कारण टंचाई. १९६३ मध्ये तेझुका ओसामूनं 'अ‍ॅस्ट्रो बॉय' टीव्हीवर आणला, दर आठवड्याला नवा भाग. पैसे तुटपुंजे, माणसं मोजकी, आठवडा मात्र सातच दिवसांचा. मग काय, एकच चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेव, बोलताना फक्त ओठ हलव, उडतानाचं चित्र जपून ठेव आणि दर भागात पुन्हा उडव. त्यातूनच पुढे एक शैली झाली. न हलणाऱ्या चेहऱ्यावरून कॅमेरा सावकाश सरकवायचा, मागे वाऱ्याचा आवाज लावायचा, आणि प्रेक्षक म्हणणार, काय खोल विचार करतोय!

माझा सेकंद याच जातीचा आहे. 'इव्हँगेलियन'चा २२ वा भाग. लिफ्टमध्ये दोन मुली उभ्या, पुढे एक, मागे एक. लिफ्टची घरघर सोडली तर काही नाही. चित्र जवळजवळ मिनिटभर तसंच्या तसं. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं व्हिडिओ अडकला, मी दोनदा मागे नेऊन पाहिलं. तिसऱ्यांदा कळलं की त्या दोघींना एकमेकींशी बोलायचं नाहीये आणि मी उगाच मध्ये उभी आहे. पैसे वाचले असतील तर वाचोत, त्या मिनिटात जेवढा अवघडलेपणा आहे तेवढा लाखभर चित्रं काढूनही आला नसता.

गोकूचा_शेजारी
सखूताई, याला म्हणतात आळसाला तत्त्वज्ञान. :) गोकूचे केस सोनेरी होतात तेही असंच आहे. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काळी-पांढरी. काळे केस म्हणजे प्रत्येक चौकटीत शाईनं भरत बसणं, आणि ते काम सहायकाच्या डोक्यावर. केस सोनेरी केले की कागद कोरा सोडला तरी चालतं. ती काढणाऱ्या तोरियामांनी स्वतः हे कारण सांगितलंय. आम्ही इकडे समजत होतो की क्रोधातून दिव्य शक्ती जागी झाली. शाई भरायचा कंटाळा होता!

आणि उलट टोक पाहिजे तर 'अकिरा', १९८८. सुमारे १,६०,००० सेल (पारदर्शक पत्र्यांवर हातानं रंगवलेली चित्रं), ३२७ रंग, आणि बहुतेक सिनेमा रात्री घडत असल्यामुळे काळोखाच्याच छटा किती. कानेदाची लाल बाईक आडवी घसरत थांबते तो सेकंद. नंतर किती जणांनी तो उचलला, मोजदाद नाही. माझं लक्ष मात्र बाईकवर नसतं. मागच्या दिव्यांची लाल रेघ बाईक पुढे गेल्यावरही हवेत रेंगाळते, तिथे मी थांबवतो.

मातीचा_गोळा
नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचक आहे, हा पहिलाच प्रतिसाद. धागा वाचून स्फुरण चढलं आणि काल मुलीची क्ले घेऊन बसलो. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवला. कथा अशी: एक गोळा टेबलाच्या कडेपर्यंत येतो, खाली बघतो, घाबरतो. बस. तीन तासांत २२ फोटो काढले.

चालवून पाहिलं तर गोळा घाबरत नाहीये, पण खोली घाबरली आहे. उजेड सारखा कमी-जास्त होतोय. टेबल भूकंपात सापडल्यासारखं उड्या मारतंय. कुठे चुकलो?

अर्धी_फ्रेम
वा वा, या! धाग्याला शूर माणूस मिळाला.

जुनाट_रीळ
भाऊ, सगळ्यांचं पहिल्यांदा इथेच चुकतं. क्रमानं घ्या.

पडदे लावा. ऊन हा स्टॉप-मोशनचा शत्रू. तुम्ही गोळा एका रेषेनं सरकवता तेवढ्यात ढग येऊन जातो. दिवा एकच लावा आणि त्याला हात लावू नका. मोबाइलमध्ये फोकस आणि एक्सपोजर कुलूपबंद करा, नाहीतर तुमचा हात चौकटीतून बाहेर गेला की कॅमेरा दर वेळी नव्यानं उजेडाचा हिशोब मांडतो. तुमची खोली घाबरते ती त्यामुळे. पांढरा शर्ट असेल तर काढा, गडद रंगाचा घाला. शर्टावरचा उजेड उसळून गोळ्यावर पडतो. आणि मोबाइल चिकटपट्टीनं जखडून टाका. पुस्तकांच्या चळतीवर विश्वास ठेवू नये, ती श्वास घेते.

सेकंदाला बारा फोटो धरा. पडद्यावर चोवीस फ्रेम असतात, प्रत्येक फोटो दोनदा वापरायचा. बरेच व्यावसायिक लोकही तेच करतात.

बिनतोंडी_ग्रोमिट
त्यात माझी भर: कडेपर्यंत येताना शेवटचे चार-पाच फोटो अगदी केसभर अंतरानं काढा. सारख्या अंतरानं सरकवलात तर गोळा भिंतीवर आदळल्यासारखा थांबेल. आणि खाली वाकण्याआधी त्याला जरासा मागे झुकवा. माणूसही खड्ड्यात डोकावण्याआधी आधी मागे रेलतो.

मातीचा_गोळा
लिहून घेतलं. शर्ट पांढराच होता.

बिनतोंडी_ग्रोमिट
आता माझा सेकंद. नाव वाचून कळलंच असेल. 'द राँग ट्राउझर्स', १९९३. खेळण्यातल्या आगगाडीवरचा पाठलाग. पुढचे रूळ संपत आलेत, ग्रोमिट हा मातीचा कुत्रा गाडीच्या तोंडावर बसून डब्यातले जादा रूळ काढून काढून पुढ्यात टाकतोय आणि गाडी त्याच रुळांवरून धावतेय. स्टॉप-मोशनवाल्यांच्या रोजच्या जगण्याचं याहून खरं चित्र कुणी काढलं नसेल. पुढच्या फ्रेमपुरताच रूळ हातात.

ग्रोमिटला तोंड नाही. आधी त्याला आवाज द्यायचा विचार होता. नंतर दिग्दर्शक निक पार्कच्या लक्षात आलं की नुसत्या भुवया हलवल्या तरी काम भागतं. आणि तो खलनायक पेंग्विन! त्याला तर भुवयाही नाहीत. दोन काळे मणी आणि डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवला की कोंबडा. त्याच्याइतका थंड खलनायक मी खऱ्या नटांतही पाहिला नाही.

सखू_सेल्युलॉइडवाली
निक पार्कचा किस्सा राहिलाच. 'अ ग्रँड डे आउट' हा विद्यार्थी असताना सुरू केलेला सिनेमा, पुरा व्हायला कैक वर्षं लागली. ऑस्करचं नामांकन मिळालं. हरला. कुणाकडून? 'क्रीचर कम्फर्ट्स'कडून. तो कुणाचा? निक पार्कचाच!

शंकासूर
म्हणजे तो हरला असं म्हणता येणार नाही.

आळशी_गोगलगाय
कैक वर्षं म्हणजे काहीच नाही. रखडण्याचा विषय निघाला म्हणून खास लॉग-इन केलं.

रशियन अ‍ॅनिमेटर युरी नोर्स्टाइन. १९७५ चा 'हेजहॉग इन द फॉग' पाहिला नसेल तर आधी तो बघा, दहा मिनिटांचा आहे, मी थांबते.

...पाहिलात? धुक्यातून तो पांढरा घोडा दिसतो तो माझा सेकंद. धुकं कसलं म्हणाल तर पातळ कागद. चित्रावर ठेवायचा आणि हळूहळू कॅमेऱ्याच्या दिशेनं वर उचलायचा. खालचं चित्र विरत जातं. एवढंच. कळल्यावर जादू कमी व्हायला हवी होती, माझ्या बाबतीत दुप्पट झाली.

तर या गृहस्थांनी १९८१ मध्ये गोगोलच्या कथेवरून 'द ओव्हरकोट' करायला घेतला. अजून चालू आहे. लोक त्यांना 'सोनेरी गोगलगाय' म्हणतात, माझं नाव तिथूनच. कथेतल्या कारकुनाला पै-पै साठवून कोट शिवून मिळतो तरी. इथे प्रेक्षक चाळीस वर्षं थंडीत उभे आहेत.

रिचर्ड विल्यम्सचा 'द थीफ अँड द कॉब्लर' तर १९६४ ला सुरू. शेवटी त्याच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्यांनीच कापून-जोडून १९९३ ला बाहेर काढला. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं, त्यामुळे त्यावर विनोद नाही.

अर्धी_फ्रेम
घोड्यासाठी +१. मी तो कागद पाहायचा प्रयत्न केला, थांबवून थांबवून. नाही दिसला.

गोकूचा_शेजारी
नोर्स्टाइन चाळीस वर्षं संपवत नाहीत आणि जपानी दिग्दर्शक मियाझाकी चाळीस वर्षं निवृत्त होत नाहीत. १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'नंतर चाललो म्हणाले, २०१३ ला तर पत्रकार परिषद घेऊन यावेळी खरंच चाललो म्हणाले, २०२३ ला नवा सिनेमा घेऊन हजर. आमच्या ऑफिसात असा एक जण आहे, दर महिन्याला राजीनामा देतो. फक्त त्याला ऑस्कर नाही.

शिवाय मियाझाकींच्या जिबली स्टुडिओनं केलेला ऐतिहासिक घात सांगतो. १६ एप्रिल १९८८. 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' एकाच दिवशी, जोडीनं लावले. आधी टोटोरो पाहिला तर लेकरं हसत हसत दुसऱ्या सिनेमात शिरणार आणि हुंदके देत बाहेर येणार. उलट क्रमानं पाहिला तर टोटोरो कितीही नाचला तरी कुणाचं डोळे पुसणं थांबणार नाही.

जुनाट_रीळ
मृत कलाकारांबद्दल कुणी बोललं नाही अजून.

अर्धी_फ्रेम
म्हणजे?

जुनाट_रीळ
स्तारेविच. १९१२. 'द कॅमेरामन्स रिव्हेंज'. त्याला आधी जिवंत भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती, पण दिवे लागले की ते हलायचेच बंद होत. मग त्यानं मेलेले किडे घेतले, पायांना तारा जोडल्या आणि एकेक फ्रेम करत त्यांच्याकडून अभिनय करून घेतला.

कथा ऐका. भुंगेरा विवाहित. कामाच्या नावाखाली शहरात जाऊन एका नर्तकी चतुराला भेटतो. तिच्यावर एका नाकतोड्याचाही डोळा. नाकतोडा कॅमेरामन असतो आणि तो दाराच्या किल्लीच्या भोकातून सगळं चित्रित करतो. इकडे भुंगेऱ्याची बायकोही काही कमी नाही, तिचा एक चित्रकार मित्र आहे. सगळं उघडकीला येतं, भुंगेरा मोठ्या मनानं बायकोला माफ करतो आणि तिला सिनेमाला घेऊन जातो. प्रोजेक्टरवर कोण? नाकतोडा. पडद्यावर काय? भुंगेऱ्याचे प्रताप. बायको छत्री उचलते.

ती छत्री डोक्यात बसते तो माझा दुसरा सेकंद. तेव्हा कित्येकांना वाटलं होतं की किडे शिकवून तयार केलेत.

सखू_सेल्युलॉइडवाली
मेलेल्या किड्यांचं विवाहबाह्य प्रकरण आणि तेही १९१२ मध्ये! आणि लोक म्हणतात कार्टून मुलांसाठी असतं.

शंकासूर
१९१२ वरून आठवलं. साधारण त्याच सुमाराला फाळकेही हेच करत होते. कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रण, त्याचा 'अंकुराची वाढ'. पुढे १९१५ च्या आसपास 'आगकाड्यांची मौज', त्यात काड्याच नाचवल्या. माझा सेकंद विचारलात तर वाटाणा माती फोडून वर येतो तो. मी पाहिलेला नाही, पण रोज सकाळी उठून कुंडीपुढे कॅमेरा लावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि घरातले त्याला काय म्हणत असतील तेही.

अर्धी_फ्रेम
शंकासूर, एकही चूक न काढता तुम्ही आठ-दहा ओळी लिहिल्यात. तब्येत बरी आहे ना?

शंकासूर
बरी आहे. 'साधारण त्याच सुमाराला' हे ढोबळ झालं, तेवढं खटकतंय.

बिनतोंडी_ग्रोमिट
टॉम अँड जेरीला कुणीच विचारत नाहीये म्हणून. १९४० च्या पहिल्या भागात टॉमचं नाव जॅस्पर होतं. त्याची ती जगप्रसिद्ध किंकाळी दिग्दर्शक विल्यम हॅना यांची स्वतःची. मालिकेला सात ऑस्कर मिळाली आणि ती सगळी निर्माते फ्रेड क्विम्बींच्या नावावर. मार टॉमनं खाल्ला, किंचाळला हॅना, बाहुल्या क्विम्बींच्या कपाटात.

आळशी_गोगलगाय
आणि रोड रनरच्या मागे लागलेला कोयोटी! कडा संपल्यावर हवेत चालत राहतो तोवर ठीक. खाली बघितलं की पडतो. पडण्याआधी कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, एकदा बघतो. ती नजर मी सोमवारी सकाळी आरशात पाहते.

मातीचा_गोळा
दुसरा प्रयत्न. पडदे लावले, गडद शर्ट घातला, मोबाइल जखडला. गोळा कडेपर्यंत आला, सुरेख हळू झाला, मागे रेलला. तिसाव्या फोटोला दिव्याच्या उष्णतेनं क्ले मऊ पडली आणि तो बसला. मी बसवला नाही, आपणहून. आता तो घाबरलेला नाही, निराश दिसतोय.

सखू_सेल्युलॉइडवाली
राहू दे तसाच! कथा सुधारली.

जुनाट_रीळ
दिवा लांब न्या. आत तार घाला, पाठीचा कणा म्हणून. पण सखूबाईंशी सहमत, निराशा ठेवा.

मातीचा_गोळा
झालं. ४१ फोटो, साडेतीन सेकंदांना एक कमी. दुवा व्यक्तिगत निरोपातून सगळ्यांना पाठवलाय. गोळा येतो, डोकावतो, मागे रेलतो, आणि हळूहळू खचून बसतो. काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला, क्ले मुलीला परत करायची आहे.

अर्धी_फ्रेम
तो खाली बघतो आणि मग वर बघतो ना, आपल्याकडे? डोळे नसताना कसं कळलं मला? जबरी! पाच वेळा पाहिलं.

आळशी_गोगलगाय
माझ्या आयुष्यात कुणी सुरू केलेला सिनेमा पूर्ण झालेला पाहिला. भरून आलं.

शंकासूर
१७ व्या फोटोत गोळ्याच्या पाठीवर अंगठ्याचा ठसा स्पष्ट आहे. १८ व्यात तो नाही.

जुनाट_रीळ
तो राहू द्या.

शंकासूर
राहू द्याच. मी तक्रार करत नाहीये, मी तिथे थांबवून बघत होतो. पण २६ व्यात उजव्या कोपऱ्यात एक कोपर आहे.

मातीचा_गोळा
ते माझं नाही. आई चष्मा शोधायला आली होती. मी तिला म्हटलं हलू नकोस.

शंकासूर
हललेल्या नाहीत. २७ आणि २८ मध्येही आहेत.